पहिली मूठ पाहुणीची

वस्तीत तिला तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि तिची पाठ वळली की धोकाताई. हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे वस्तीलाही ठाऊक होतं, त्यामुळे कुणाचंच काही अडत नव्हतं. नाव ठेवणाऱ्यांचा तरी काय दोष? ती आली की विषय ठरलेला. पाणी चढलं तर कुठे जाल, वारा सुटला तर छपराचं काय कराल, पीक झोपलं तर चुलीवर काय ठेवाल. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या जिभेला हाड नव्हतं. मशीनवरची मान वर न करता तो एकदा म्हणाला होता की ताई, कधीतरी नुसतं बरं आहे ना विचारायलाही येत जा, तुमची गाडी दिसली की आमच्या बायका वाळत घातलेले कपडे काढायला धावतात.

ऑफिसातल्या तिच्या हुद्द्याचं नाव इतकं लांबलचक होतं की तिच्या नवऱ्याला ते एका दमात म्हणता यायचं नाही. हवामान, आपत्ती, अन्नसुरक्षा असे सगळे जड शब्द त्यात एकामागे एक रांगेत उभे होते आणि शेवटी कार्यक्रमप्रमुख. तो आपला लोकांना सोपं करून सांगायचा, की आमची ही पुरात माणसांना जेवायला घालते. ती चिडायची. मी घालत नाही, त्यांचं त्यांच्याकडे असेल असं बघते. तो म्हणायचा, तेच ते. मनातून मात्र तिला ते वाक्य आपल्या हुद्द्यापेक्षा जास्त आवडायचं.

नदीकाठच्या बऱ्याच वस्त्या तिच्याकडे होत्या. कुठे पाण्यात उभं राहणारं भाताचं बियाणं दिलं होतं, कुठे उंच वाफ्यांवर भाज्या लावून घेतल्या होत्या, आणि वरच्या अंगाला पाणी चढलं की सगळ्या वस्त्यांत फोन खणखणतील अशी सोय केली होती. आईला सगळी लेकरं सारखीच, असं ती ऑफिसात सांगायची. पण आईचं ते म्हणणं जितकं खरं असतं तितकंच हेही होतं. बांधाखालच्या या वस्तीवर तिचा जीव जरा जास्तच होता. इथलं उंचघर तिच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं होतं. सिमेंटच्या जाड खांबांवर एक लांबच लांब खोली, तिला कठड्याची ओसरी, ओसरीच्या एका टोकाला चुली, आणि चुलींच्या मागे कोठी. कोठीत झाकणबंद निळी पिंपं. तांदूळ, डाळ, मीठ, साखर, तेलाचे डबे. पाणी चढलं की सगळ्यांनी इथं यायचं, पिंपं उघडायची, शिजवायचं, खायचं. पाणी ओसरलं की कार्यक्रमातून पिंपं पुन्हा भरून मिळायची. यात न कळण्यासारखं काय होतं?

कोठीची किल्ली असायची कुलूपमावशीकडे. मावशी म्हणजे नावाड्याची आई. वस्तीनं तिला एकमुखानं निवडलं होतं, कारण ती उसनी सुई दिली तर उरलेल्या दोऱ्यासकट परत घेणारी बाई होती. मावशीनं काम अंगाला लावून घेतलं. दर आठवड्याला पिंपं पुसायची. शिंप्याकडून चिंध्या आणून तिनं प्रत्येक पिंपाला रंगीबेरंगी झाकण शिवून घेतलं. कोठीत मुंगी शिरली तरी ती तिचा पत्ता विचारून घेईल, असं तिची सून म्हणायची.

आणि इथंच सगळं अडलं होतं.

गेल्या पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा वस्ती अगदी शिकवल्याबरहुकूम उंचघरात गेली. कुणी मागे राहिलं नाही, कोंबडीसुद्धा बुडाली नाही. पाणी ओसरल्यावर ती धावत आली तर ओसरीत मावशी ताठ उभी होती. तिनं कोठीचं दार सताड उघडून दाखवलं. पिंपांचं एकही सील तुटलेलं नव्हतं.

'एक दाणा हलू दिला नाही, ताई,' मावशी म्हणाली. शाबासकीची वाट बघत.

'मग खाल्लं काय तुम्ही?'

खाल्लं होतं ते असं, की गाठोड्यांतून आणलेल्या शिळ्या भाकऱ्या सगळ्यांनी वाटून घेतल्या, मोठ्यांनी पाणी पिऊन पोट बांधलं, आणि पोरं रडून रडून झोपली. शेजारच्या खोलीत तांदळाची पिंपं रंगीत झाकणं घालून बसलेली. तिला हसावं की रडावं कळेना. मग आठवलं की पहिल्या सभेत आपणच घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं, हे वाईट दिवसांसाठी आहे, उगाच हात लावायचा नाही. वस्तीनं ते मनावर घेतलं होतं. फक्त वाईट दिवस म्हणजे नेमका कुठला, हे ठरवायचं राहून गेलं होतं. आज पाणी उंबऱ्याला असेल तर वस्तीला खिडकीपर्यंत आलेलं पाणी आठवायचं. खिडकीपर्यंत आलं तर कुणाच्या तरी आजोबांनी पाहिलेलं छपरावरचं. त्याहून वाईट दिवस नेहमीच कुठेतरी शिल्लक असायचा, आणि कोठी त्या दिवसासाठी राखलेली असायची.

ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी तिला शांतपणे सांगितलं होतं की न उघडणारी कोठी ही शोभेची वस्तू झाली. नदीच्या पलीकडच्या वस्तीत पोरं वाट बघताहेत. पुढच्या पाण्यातही पिंपं तशीच राहिली तर ती उचलून तिकडे द्यावी लागतील. बाईंचं चूक नव्हतं. म्हणून तिनं वस्तीत पुन्हा सभा घेतली आणि नियमच करून टाकला. उंचघरात आल्यावर पहिल्या जेवणालाच कोठी उघडायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. पिंपं उचलून नेतील, हे मात्र तिनं सांगितलं नाही. आधीच धोकाताई, त्यात आणखी एक धोका कशाला?

या वर्षी वरच्या अंगाचा फोन सकाळीच वाजला, आणि नेमका तेव्हा घरात घोळ होता. सासूबाई बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेल्या. नवरा वीज मंडळात, त्याची पावसाळ्यात सुट्टी म्हणजे उंबराचं फूल. राहिली गुंडी. गुंडी नावाप्रमाणेच बटणाएवढी, नुकती चालायला लागलेली, वरखाली मिळून चार दात असलेली. तिला घेऊन जाण्यावाचून इलाज नव्हता. ती गुंडीला पूर्वीही बऱ्याचदा वस्तीत घेऊन आली होती, पण पाणी नसताना, आणि एका मोठ्या बॅगेसकट.

त्या बॅगेचा वस्तीत फार बोलबाला होता. तीत उकळून गार केलेलं पाणी, गुंडीच्या मऊ भाताचे डबे, चमचा, चमचा पडला तर दुसरा चमचा, ताप मोजायची नळी आणि सासूबाई ज्याला दवाखाना म्हणायच्या तो औषधांचा डबा. गुंडी तान्ही असताना एकदा दूषित पाण्यानं दवाखान्यात राहून आली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर पाणीसुद्धा फुंकून पाजायची. वस्तीतल्या बायका गुंडीला काही द्यायला हात पुढे करायच्या आणि ती गोड हसून म्हणायची, आत्ताच जेवलीये हो. बायकाही गोड हसायच्या. मग पुढे पुढे त्यांनी हात करणं सोडलं.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. म्हाताऱ्या माणसांना आधी वर आणलं, मग पोरं, मग गाठोडी, मग शिंप्याचं मशीन, ज्याच्यासोबत शिंपी स्वतः वरातीतल्यासारखा चालत आला. गुंडी तिच्या कडेवर होती आणि सगळ्यांना बोट दाखवून काहीतरी आज्ञा करत होती. शिंपी म्हणाला, खऱ्या कार्यक्रमप्रमुख या, त्यांच्या हाताखाली तुम्ही.

वस्तीत एक बाई दिवस भरत आलेली होती. तिला कळा नव्हत्या, पण धोकाताईनं धोका कशाला घ्यायचा? तिनं ड्रायव्हरकाकांना सांगितलं की ओढ्यावरच्या फरशीच्या पुलावरून पाणी जायच्या आत हिला पलीकडच्या दवाखान्यात सोडा आणि लगेच मागे फिरा. काका गेले. बाई दवाखान्यात पोचली. आणि काका मागे फिरेपर्यंत ती फरशी पाण्याखाली गेली होती.

काकांचा फोन आला. बाई ठीक आहे, ते ठीक आहेत, गाडी उंचावर लावली आहे. मग दबक्या आवाजात ते म्हणाले, 'ताई, बॅग गाडीतच राहिली हो. पण काळजी करू नका, मी तिला काही होऊ देणार नाही.'

तिनं आभार मानले. दुसरं काय करणार? बॅग सुखरूप होती.

पाणी चढत चढत उंचघराच्या दुसऱ्या पायरीशी आलं आणि तिथं रेंगाळलं. जेवायची वेळ झाली. ती मावशीकडे गेली आणि सहज सुरात म्हणाली की मावशी, चला, कोठी उघडू या आता. मावशीनं कठड्यावरून वाकून पायऱ्या बघितल्या. हे पाणी काही ते पाणी नव्हे, ती म्हणाली. दुसऱ्या पायरीला कुणी पूर म्हणतं का?

तिनं नियमाची आठवण दिली. मावशी म्हणाली, नियम चांगलाच आहे. तिनं शिंप्याकडे बघितलं तर तो मशीनला तेल घालण्यात गुंतला. मावशीची सून म्हणाली, सासूबाई उघडतील तेव्हा मी चूल पेटवते, मी काय, हुकमाची ताबेदार. कुणी म्हणालं, सकाळी उशिराच खाल्लंय. कुणी म्हणालं, गाठोड्यात आहे थोडं. तिनं मोठ्या आवाजात समजावलं, मग हळू आवाजात समजावलं. तांदूळ जुना होईल, त्याला कीड लागेल, पिंपं पुन्हा भरून मिळणार आहेत. सगळे ऐकून घेत होते. नदीकाठच्या माणसांना ऐकून घ्यायची सवय असते. नदी रात्रंदिवस बोलतच असते.

शेवटी मावशीनं तिला कोठीच्या दाराशी बाजूला घेतलं. मावशी लहान होती तेव्हाचं ते छपरावरचं पाणी तिनं सांगितलं. ते कुणाच्या आजोबांनी नव्हे, मावशीनं स्वतः पाहिलं होतं.

'पाणी होतं तोवर काही नाही वाटलं, ताई. भूक लागली ती पाणी उतरल्यावर. शेतं गेली, वाट गेली, कुणी आलं नाही. तुम्ही म्हणता पिंपं भरून मिळतील. मिळतीलही. पण तेव्हाही कुणीतरी असंच म्हणालं असेल ना?'

यावर तिच्यापाशी उत्तर होतं, पण ते ऑफिसातलं होतं. 

तिच्या पर्समध्ये कोठीची दुसरी किल्ली होती. ती काढायची, दार उघडायचं, पिंपाचं झाकण फिरवायचं, झालं. मोठ्या बाईंना फोटो पाठवता आला असता. सगळी पोरं जेवली असती. तिचा हात दोनदा पर्सकडे गेला आणि दोनदा मागे आला. आज ती इथं होती. पुढच्या पाण्याला नसेल. आज कुलूप तिनं काढलं, तर पुढच्या वेळी ही सगळी माणसं रंगीत झाकणांकडे बघत तिचीच वाट पाहत बसतील.

तेवढ्यात गुंडीला भूक लागली.

गुंडीची भूक हा घरात एक वेगळाच विषय होता. आधी ती गप्प व्हायची. मग आईची हनुवटी घट्ट धरायची. आणि मग जो सूर लावायची तो शेजारच्या इमारतीपर्यंत जायचा. आता तो सूर उंचघराच्या पत्र्यापर्यंत गेला. तिनं तिला फिरवलं, पाणी दाखवलं, शिंप्याचं मशीन दाखवलं. पर्सच्या तळाशी एक बिस्किट सापडलं, ते ओलं होऊन त्याचा लगदा झाला होता. बाकीची पोरं गाठोड्यातले तुकडे चघळत गुंडीकडे बघत होती. आपल्यापेक्षा मोठ्यानं रडणारं कुणी आल्यावर पोरांना जरा बरंच वाटतं.

मावशी भिंतीला टेकून बसली होती. गुंडीचा आवाज वाढला तशी ती चुळबुळायला लागली. तिनं आपल्या गाठोड्यातून भाकरीचा चतकोर काढला, पाण्यात जरा बुडवून मऊ केला आणि हात पुढे केला. आणि अर्ध्यात थांबवला. हात तसाच मागे घेत, अगदी प्रेमानं, जराही टोमणा न मारता ती म्हणाली, 'राहू दे. तुमच्या लेकीला बाहेरचं चालत नाही, नाही का.'

तो मागे गेलेला हात धोकाताईनं बघितला. तिला नजर होती, ते तिच्या कामाचंच होतं; कुठल्या भिंतीला ओल आली, कुठली दोरी झिजली, हे तिला लांबूनही दिसायचं. पण हा हात किती वेळा असा मागे गेला असेल, हे तिनं आजवर बघितलं नव्हतं. हिची लेक इथलं काही खात नाही. मग हिनं दिलेल्या पिंपांना वस्तीनं तरी का हात लावावा? दोन्हीकडे जिवापाड जपणंच चाललं होतं, आणि जपता जपता लेकरं उपाशी राहात होती.

तिनं काही भाषण केलं नाही. ती मावशीसमोर खाली बसली आणि किंचाळणारी गुंडी उचलून मावशीच्या मांडीत दिली.

'मावशी, हिला भूक लागलीये. माझ्याकडे काही नाही. तुम्हीच बघा आता.'

आणि ती उठून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेली, कठडा धरला आणि पाठ करून उभी राहिली.

पूर, वादळ, ऑफिसातल्या बैठका, यांतलं काहीही तिला या पाठ करून उभं राहण्याइतकं जड गेलं नव्हतं. आईला पाठीलाही डोळे असतात म्हणतात. तिला तर पाठीला कानच कान फुटले होते. गुंडीचा सूर एक पट्टी वर चढला. मग मावशीचा आवाज, अगं बाई, अगं माझी राणी, कोण रागावलं गं तुला. मग भाकरीचा तुकडा पुढे गेला असावा, कारण गुंडी थुंकली.

'दात कुठायत हिला चावायला?' सून म्हणाली. 'पेज करून द्या तिला.'

'कशाची? माझ्या डोक्याची?'

त्यानंतर सगळं थांबलं. नुसती गुंडी रडत होती आणि खाली पाणी खांबांना चाटत होतं. तिची मान अर्धी वळली. तेव्हा शिंपी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. नजर नदीवर ठेवून, ओठ फारसे न हलवता तो म्हणाला, 'ताई, तुम्ही पाणी बघा. ते तुमचं काम.'

ती पाणी बघत राहिली. कुणाची तरी बादली तरंगत चालली होती, तिच्यावर एक कावळा बसला होता.

मग किल्ल्यांचा जुडगा वाजला. मावशीचा आवाज आला, घरातल्या घरात स्वतःशी भांडावं तसा. 'पाहुणं लेकरू दारात उपाशी ठेवायचं म्हणजे काय आहे काय हे? पाहुणीपुरती. एक मूठ. एकच.' कुलूप खटकन उघडलं. सील फाटल्याचा आवाज झाला. 

चूल पेटली. सूनबाई हुकमाची ताबेदार खरी, पण बाईच्या डोक्यात काय चाललं होतं ते तिलाच ठाऊक. तिनं वस्तीचं सगळ्यात मोठं पातेलं चढवलं.

'एवढ्या पातेल्यात एक मूठ?' ती म्हणाली. 'तळाला धरेल, सासूबाई. जळकं खायला घालणार का पाहुणीला?'

'घाल आणखी एक.'

'शिंप्याची धाकटी बघतेय.'

'बघू दे की. बघायला काय लागतंय.' जरा वेळ गेला. 'बरं, तिची एक घाल.'

'मग थोरलीची?'

'थोरलीनं काय घोडं मारलंय? घाल.'

मग मावशी नावं घ्यायलाच लागली. ही कोपऱ्यावरच्या आजारी बाईची. ही तिच्या नातवाची, तो मेला रोज माझे पेरू चोरतो, तरी ही त्याची. ही गवंड्याच्या घरची, त्यांना दोन घाल, तिघंजण आहेत. प्रत्येक मूठ नाव घेऊन पडत होती, आणि ज्याचं नाव घेतलं जाई तो आपलं ताट घेऊन हळूच चुलीच्या जवळ सरकत होता. मध्येच शिंपी तिच्या शेजारूनच ओरडला, 'मावशी, मी पण बघतोय.'

'तू आधी माझी उशीची खोळ दे, गेल्या वर्षी शिवायला दिलेली. मग बघ.'

सगळी ओसरी हसली. त्या हसण्यात त्याचीही मूठ पडली. नंतर नंतर मुठी कुणी मोजेना. डाळ निघाली, मीठ निघालं. पिंपावरचं रंगीत झाकण एका पोरानं टोपीसारखं घातलं आणि मावशी त्याला ओरडायची विसरली.

ती वळली तेव्हा गुंडी मावशीच्या मांडीत बसून मावशीच्या बोटानं पेज चाटत होती. चमचा नव्हता. बोट कशाला पुसलं होतं, हे तिनं विचारलं नाही. पाणी चुलीवर उकळलं होतं एवढं तिनं मनाशी धरलं. बाकीचं सगळं, म्हणजे बोट, वाटी, गुंडीच्या केसांत गेलेला भात, तिनं पाण्यावर सोडून दिलं.  गुंडी घास गिळला की 'हां' म्हणत होती, घरी कधी म्हणत नसे तशी, आणि मावशी प्रत्येक 'हां'ला वस्तीकडे अशी बघत होती जणू तिनंच गुंडीला बोलायला शिकवलं.

सगळ्यांचं झाल्यावर मावशीनं तिच्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतःही शेजारी टेकली. खाली पाणी अजून दुसऱ्याच पायरीवर होतं. दिवस कलला होता आणि पोटभर जेवलेली पोरं जिथल्या तिथं लवंडली होती.

'दुसरी किल्ली तुमच्या पर्समध्ये असते,' मावशी म्हणाली. 'मला ठाऊक आहे.'

तिचा घास हातातच राहिला.

'म्हटलं, काढतात की काय. दोनदा हात गेला तुमचा.'

'काढली असती तर?'

'तर काही नाही. जेवलो असतो सगळे. तुमच्या कोठीतलं म्हणून जेवलो असतो.' मावशीनं गुंडीच्या तोंडाला लागलेला भात पुसला. 'खा तुम्ही. गार होतंय. आणि ही आज माझ्याजवळ झोपू दे.'

गुंडीला काही झालं नाही. ताप नाही, पोट नाही. आई पुढचे तीन दिवस तिचं पोट चाचपत राहिली, ते सोडा. सासूबाई परत आल्यावर तिनं त्यांना सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मी तर तिला केव्हापासून बोटानंच भरवते, तू ऑफिसला गेलीस की. 

पिंपं पुन्हा भरली गेली. तांदळाची गाडी स्वतः मावशीनं उभं राहून उतरवून घेतली, आणि गाडी खरंच आली म्हणून तिचा चेहरा पडल्यासारखा झाला. इतक्या वर्षांचा संशय असा हातातून निसटला की माणसाला जरा चुकल्यासारखं होणारच. मोठ्या बाईंना तिनं फोटो पाठवला नाही. फोटो काढायचंच राहिलं होतं. रिकामी झालेली पिंपं किती, एवढंच कळवलं, आणि बाईंचं उत्तर आलं की ती तिथंच राहू देत.

त्यानंतरचं पाणी चढलं तेव्हा ती पलीकडच्या दुसऱ्याच एका वस्तीत अडकली होती. जेवायची वेळ टळत आली तशी तिची घालमेल सुरू झाली. उघडतील का? आज गुंडी नाही, मी नाही. न राहवून तिनं फोन लावला. मागे पातेल्यांचा आणि पोरांचा असा गलबला होता की मावशीला ओरडूनच बोलावं लागलं.

'उघडली, ताई. केव्हाच उघडली. पहिली मूठ गुंडीची घातली, आता तशीच पद्धत पडलीये. पाहुणीचं नाव घेतल्याशिवाय पिंपाला हात लागत नाही माझा.'

'पण गुंडी तर इथं माझ्यापाशी आहे, मावशी. मग तिचा वाटा?'

 मावशी म्हणाली, 'तिच्या वाट्याचं मी खाल्लं. पाहुणीचं उरलं तर घरच्यांनी टाकून द्यायचं असतं का?'

मागून शिंपी काहीतरी ओरडला. खोळ शिवून झाली असं सांगत होता बहुतेक. धोकाताईनं फोन खिशात ठेवला, बॅगेतून गुंडीचा डबा काढला, थोडा वेळ हातात धरला, आणि मग शेजारी चूल पेटवत बसलेल्या तिथल्या एका बाईला विचारलं की तुमचं काय शिजतंय.